मंगळवारचा मुका फोन

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण तिने बैठकांमध्ये इतक्या वेळा ऐकवली की लोकांनी शेवटी तिचंच नाव आत्या पाडलं. कुणी विचारी, समजा उद्या एकाच वेळी हजारो माणसांनी फोन केला तर? कुणी म्हणे, समजा उद्या फोन उचलायला माणूसच उरला नाही तर? आत्या आपली म्हण फेकायची आणि वर म्हणायची, आधी आजचा फोन नीट लागू दे. त्या बैठकांमधल्या कुणाला तिचं खरं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिचं तोंड मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

पोटासाठी ती छोट्या कचेऱ्यांमध्ये आणि दवाखान्यांमध्ये टेलिफोन एक्स्चेंज बसवून द्यायची. बाहेरून आलेला फोन कुणाच्या टेबलावर वाजवायचा, कुणाला थांबवून ठेवायचं, कुणाला कुठे जोडून द्यायचं, हे पूर्वी कपाटाएवढं यंत्र करायचं. आता ते काम एक सॉफ्टवेअर करतं आणि कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरवर बसतं. आत्या वापरायची ते सॉफ्टवेअर फुकट होतं आणि उघडं होतं. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा, आपल्या कामाला लावावा. सुधारणारे लोक देशोदेशी पसरलेले, एकमेकांना कधी न भेटलेले, पगार कुणालाच नाही. ती त्या सॉफ्टवेअरच्या तीन राखणदारांपैकी एक होती. उरलेल्या दोघांपैकी एकाला नुकताच नातू झाला होता आणि दुसरा महिन्यातून एकदा उत्तर द्यायचा. तेव्हा खरं सांगायचं तर राखण ती एकटीच करत होती. तिची आई याला घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणायची, आणि म्हणताना स्वयंपाकघरातून मुद्दाम आवाज चढवायची.

या उघड्या घराचीही एकदा वाटणी झाली होती, आणि वाटणी मागणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याला हे काम तिनेच शिकवलेलं. सगळा जुना कोड फेकून नव्याने लिहू, असं त्याचं म्हणणं. चालतंय ते मोडू नकोस, असं हिचं. वाद सगळ्यांसमोर झाला, लेखी झाला, आणि लेखी वाद पुसला जात नाही. धाकट्याने कोडची नक्कल घेतली, निम्मी माणसं घेतली आणि वेगळी चूल मांडली. तेव्हापासून दोन सॉफ्टवेअर झाली, आणि लोक त्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणू लागले. भाऊबंदकीला शेतजमीनच लागते असं नाही, कोडची नक्कलसुद्धा पुरते.

पुढे धाकटी पाती वाढली आणि थोरली वाळत गेली. बहीणभाऊ आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपुरते बोलायचे, आईचे डोळे बरे झाले तसं तेही थांबलं. आई म्हणायची, दोघं जगाचे फोन जोडून देता आणि एकमेकांना फोन करत नाही, दिव्याखाली अंधार. आत्या म्हणायची, त्याच्याकडेही फोन आहे.

आता धाकट्याकडून निरोप आला होता की दोन्ही पात्या एक करू. थोरलीचं जे चांगलं आहे ते धाकटीत घेऊ आणि थोरली बंद करू. निरोप चार ओळींचा होता, त्यात ताई नव्हतं आणि कशी आहेस नव्हतं. यावर दोन्हीकडच्या लोकांची बैठक ठरली. त्यांच्यात मतं मोजायची पद्धत नव्हती. प्रस्ताव वाचायचा, हरकत आहे का विचारायचं, आणि कुणी बोललं नाही तर मौन म्हणजे संमती, प्रस्ताव पास. एका राखणदाराने कारण देऊन हरकत घेतली की मात्र तो थांबायचा. म्हणजे थोरलीचं दार बंद व्हायचं की नाही हे आत्याच्या तोंडावर होतं, आणि तिचं तोंड कधी बंद राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तरीही ती घाबरली होती. एकटीने किती दिवस रेटणार? नुसतं उद्या ताप आला तर थोरलीवर चालणारे दवाखाने, शाळा, मदतीच्या लाइनी कुणाकडे बघणार? आणि धाकटीवर गेले तर तिथल्या पोरांना या छोट्या लोकांची काय पडली आहे?  शेवटी तिने ठरवलं, धाकटी पाती स्वतः वापरून बघायची. पण गुपचूप. आत्याच डळमळली असं धाकट्याच्या कानावर गेलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

गुपचूप वापरून बघायला तिच्या हातात एकच जागा होती, आणि ती जागा म्हणजे ऐकणारी लाइन.

ज्यांना जगणं जड झालंय अशा माणसांनी फोन करायचा आणि समोरच्याने ऐकायचं, एवढंच त्या लाइनीचं काम. एका चपलांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम चिकटवलेला, चार टेबलं, चार हेडफोन, आणि खिडकीत एक कुंडी जिला सगळेच पाणी घालायचे आणि त्यामुळे ती कायम सडायच्या बेतात असायची. लाइन चालवायची ती निवृत्त झालेली एक नर्स, नर्सबाई. इथलं एक्स्चेंज आत्याने बसवलं होतं आणि विनामोबदला सांभाळलं होतं. फोन करणाऱ्याचा नंबर स्क्रीनवर दिसू नये आणि कुठे साठूही नये, ही सोय तिने स्वतः लिहिली होती. त्याची तिने बाहेर बरीच फुशारकीही मारली होती. आमच्याकडे कुणाचा नंबर मलासुद्धा काढता येणार नाही, म्हणायची.

आठवड्याची सुरुवात इथे शांत असते म्हणून एका सोमवारी सकाळी तिने थोरली काढून धाकटी पाती बसवली. थोरलीतल्या सेटिंगा जशाच्या तशा उतरवल्या. मग चारही टेबलांवर फोन करून पाहिला, हॅलो, एक दोन तीन, ऐकू येतंय का, माझा आवाज फाटतोय का. आवाज इतका स्वच्छ आला की तिला वाईट वाटलं. धाकट्याने खरंच चांगलं काम केलं होतं. नर्सबाईंना तिने फक्त सांगितलं की नवं बसवलंय, काही वेडंवाकडं वाटलं तर कळवा.

बुधवारी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. या बाईंचा आवाज कधी चढत नसे. तो तसाच होता, पण त्या म्हणाल्या, लगेच येऊन जा.

आत्या पोचली तेव्हा नर्सबाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. लाइनीवर एक मुका पाहुणा होता, त्याची गोष्ट त्यांनी तिला सांगितली. गेले काही महिने दर मंगळवारी संध्याकाळी एक फोन यायचा. पलीकडचं माणूस एक अक्षर बोलायचं नाही. बाई की बुवा, म्हातारं की तरुण, काही कळायचं नाही. इथला नियम असा की आपण होऊन फोन ठेवायचा नाही, म्हणून टेबलावर जो असेल तो नुसता बसून राहायचा, मधूनच म्हणायचा, मी आहे इथे, घाई नाही. कधी पाव तास, कधी तास. मग पलीकडून फोन ठेवला जायचा. सगळ्यांनी त्याला मौनी नाव ठेवलं होतं, आणि मंगळवारी मौनीचा फोन कोण घेणार यावरून प्रेमळ भांडणंही व्हायची, कारण बिनबोलत्या फोनने दमायला होत नाही असं नव्यांना वाटायचं. जुन्यांना माहीत होतं की तोच सगळ्यात दमवणारा फोन.

"काल तो कट झाला," नर्सबाई म्हणाल्या. "टिंग टिंग असं दोनदा वाजलं आणि कट. मला वाटलं त्याच्या बाजूने काहीतरी झालं. परत आला. मी म्हटलं, मी आहे इथे. परत टिंग टिंग, कट. तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी बोलतच राहिले, मी ठेवत नाहीये, हे आपोआप होतंय, ठेवू नका. तरी कट. मग नाही आला."

 आत्याने कॉम्प्युटर उघडला आणि जे शोधायचं होतं ते लगेच सापडलं, कारण ते तिच्या डोळ्यांसमोरच होतं. माणूस गप्प असला की हल्लीचे फोन बऱ्याचदा काहीच पाठवत नाहीत. मग एक्स्चेंजला कळत नाही की पलीकडचं माणूस गप्प आहे की लाइन मेली आहे. म्हणून एक मर्यादा घालतात, इतका वेळ काही आलं नाही तर फोन तोडायचा. थोरलीत तिने इथे शून्य लिहिलं होतं. थोरलीत शून्य म्हणजे कधीच तोडायचा नाही. तेच शून्य तिने धाकटीत उतरवलं, आणि धाकटीत शून्य म्हणजे तुम्ही काही भरलेलं नाही, तर आम्ही आमचा आकडा धरतो. त्यांचा आकडा अर्ध्या मिनिटाचा होता. तोडण्याआधी दोन घंट्या वाजवायच्या, ही सभ्यताही त्यांचीच.

हे सगळं धाकट्या पातीने आपल्या माहितीत स्वच्छ लिहून ठेवलं होतं. आत्याने ती माहिती वाचली नव्हती. ज्याला आपण अक्षर शिकवलं त्याचं पुस्तक काय वाचायचं, असा तिचा ताठा. आणि तपासताना ती प्रत्येक फोनवर बोलली होती. फोन बसवणारा माणूस फोन तपासतो तो बोलून. तिच्या धंद्यात आजवर कुणी गप्प बसून फोन तपासला नसेल, आणि ज्या लाइनीवर गप्प बसायला माणसं फोन करतात तिथे तिने तेच केलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर बरं होतं. हा दुसऱ्याच कुणाच्या पायावर पडला होता.

तासाभरात तिने थोरली पाती पुन्हा बसवली. नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, कोण होतं ते काढता येईल का, नुसतं बरं आहे ना एवढंच विचारायचं. आत्या नाही म्हणाली. नंबर येताक्षणी पुसला जातो, तिनेच तशी सोय केली आहे. टेलिफोन कंपनीकडे असेल, पण ते पोलिसांशिवाय देणार नाहीत. आणि पोलिसांना काय सांगायचं, एक माणूस आमच्याशी बोलत नव्हता, तो आता बोलत नाही?

नर्सबाईंनी मान डोलावली आणि तिला चहा विचारला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पुढचा मंगळवार येईपर्यंतचे दिवस. आत्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात वायरी ओढत होती आणि शिडीवर उभी राहून विचार करत होती की तिसऱ्यांदा लावणारं माणूस चौथ्यांदा का लावत नाही. रोज सकाळी ती आधी पेपरातल्या शेवटच्या पानावरच्या छोट्या बातम्या वाचायची, कुणी कुठे काय करून घेतलं, आणि प्रत्येक बातमीत मंगळवार शोधायची. आईने विचारलं, काय झालंय तुला, जेवत का नाहीस. कामाचा ताण, ती म्हणाली. आई म्हणाली, त्या दोन पात्यांचा ना, मग भावाशी बोल की. परवा मला फोन आला होता त्याचा. आवाज किती बसलाय त्याचा.

"मोठा माणूस झालाय तो," आत्या म्हणाली. "मोठ्या माणसांचे आवाज बसतातच."

आई मान हलवत आत गेली.

खरं तर धाकट्याचा तो आवाज आत्यानेही ऐकला होता. दोन्ही पात्यांच्या प्राथमिक बोलण्यांमध्ये तो असायचा. कुणी तक्रार केली की हो म्हणायचा, कुणी वाद घातला की बघू म्हणायचा, आवाजात चढ नाही उतार नाही. पूर्वी हाच पोरगा तिच्याशी एका ओळीवरून तास तास भांडायचा. आता त्याच्या सॉफ्टवेअरवर मोठमोठ्या कंपन्या चालत होत्या, आयत्या बिळावर नागोबा. एक पैची मदत नाही की एका माणसाची नाही, पण काही बिघडलं की शेकडो लोक त्याच्या एकट्याच्या नावाने शंख करत. आत्याला हे माहीत होतं. तिने त्याचा अर्थ असा लावला होता की धाकट्याला आता आपल्याशी भांडणंही कमीपणाचं वाटतं.

मंगळवारी संध्याकाळी ती ऐकणाऱ्या लाइनीवर जाऊन बसली. हेडफोन नर्सबाईंच्या कानावर होता, आत्या नुसती भिंतीकडे खुर्ची ओढून बसली. फोन आले. एका म्हाताऱ्याचा आला, एका परीक्षेत नापास झालेल्या मुलीचा आला. प्रत्येक वेळी नर्सबाई हॅलो म्हणून थांबायच्या आणि आत्या त्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि पलीकडून कुणीतरी बोलू लागल्याचं नर्सबाईंच्या डोळ्यांत दिसलं की हा मौनी नव्हे हे तिला कळायचं. आयुष्यभर तिने फोनवर आवाज यावा म्हणून धडपड केली होती. त्या संध्याकाळी आवाज आला की तिला रडू यायचं.

मौनीचा फोन आला नाही. नर्सबाईंनी वेळ संपल्यावर हेडफोन काढला, तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, गावाला गेला असेल. दोघींपैकी कुणालाच ते पटलं नाही.

गुरुवारी दुपारी बैठक होती. आत्याने हरकत लिहून काढली होती. मुद्दा पक्का होता. थोरलीत शून्य म्हणजे कधीच नाही, धाकटीत शून्य म्हणजे अर्धा मिनिट, आणि एका आकड्याचा अर्थ बदलताना तुम्ही मदतीच्या लाइनींचा विचार केला नाही, मग आमच्या लोकांना तुमच्या स्वाधीन कसं करू? याला उत्तर नव्हतं. थोरली वाचणार होती. आणि ज्या क्षणी तिला हे कळलं की आपल्याला उत्तर नसलेला मुद्दा सापडलाय, त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. अगदी आतून, जिंकल्यासारखं. मग तिला आठवलं की तो मुद्दा कशाने सापडला, आणि स्वतःची शिसारी आली. दिवसभर या दोन्ही गोष्टी तिच्यात आलटून पालटून होत राहिल्या. तिने हरकत फाडली नाही.

बैठक म्हणजे प्रत्येकाने आपल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायचं. मध्यस्थ म्हणून दोन्ही पात्यांना मान्य असा एक निवृत्त टेलिफोन इंजिनिअर होता, सगळे त्याला पंच म्हणायचे. पंचांनी प्रस्ताव वाचला. धाकट्या पातीतल्या एका उत्साही मुलीने पुढच्या काही वर्षांचं चित्र रंगवलं. थोरलीतल्या, नुकताच नातू झालेल्या राखणदाराने आता आपल्याला झेपत नाही असं मोकळेपणाने सांगितलं, मागे बाळ रडत होतं. आत्याने आपला कागद समोर घेतला.  आई दाराशी भाजी निवडत बसली होती, एरवी ती या वेळी झोपते.

पंच म्हणाले, हरकती घेण्याआधी धाकट्यांना एक सांगायचं आहे.

"एक दुरुस्ती केलीय आमच्यात," धाकटा म्हणाला. तोच बसलेला, सपाट आवाज. "गप्प राहिलेल्या फोनची मर्यादा. आम्ही शून्याचा अर्थ बदलला होता. थोरलीतला बरोबर होता. तो परत आणलाय."

कुणीतरी विचारलं की तक्रार कुणाची होती, नोंद दिसत नाही. धाकटा म्हणाला, नोंद नाही केली. उत्साही मुलगी म्हणाली, पण आपल्याकडे एवढा वेळ गप्प कोण राहतं, आपले सगळे मोठे ग्राहक, असा प्रसंग येणार कुठे?

"मदतीची लाइन असते," धाकटा म्हणाला. "तिथे माणसं बोलत नाहीत कधीकधी. नुसती धरून बसतात. त्यांना आपल्या त्या दोन घंट्या वाजतात आणि तुटतं. असं कुणाचं होऊ नये."

आत्याला आधी राग आला. आपला मुद्दा याने पळवला, असा. आत्ता हरकत घ्यायला काही उरलंच नव्हतं. मग तिच्या मनात पाल चुकचुकली. याला कसं कळलं? मदतीच्या लाइनी सगळ्या थोरलीवर होत्या, धाकटीवर एकही नव्हती. एकच होती, ती पण सोमवारी सकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नर्सबाईंना दोन पात्या म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्या दोन दिवसांत तिथे धाकटी पाती आहे हे कळायची वाट एकच होती. बाहेरून फोन करायचा, गप्प बसायचं, आणि त्या दोन घंट्या ऐकायच्या. दुसऱ्या कुणी ऐकल्या असत्या तर त्याला वाटलं असतं लाइन खराब आहे. त्या घंट्या कुणाच्या हे ज्याने त्या बसवल्या त्यालाच कळणार.

आणि त्या जागी नंबर साठत नाही हेही त्याला माहीत होतं. ती सोय ताईने लिहिली आहे, म्हणजे नंबर खरंच पुसला जातो.

पंच विचारत होते, कुणाची हरकत? ते थांबले. सगळे आत्यासाठी थांबले होते, हे पुढे कधीतरी तिच्या लक्षात आलं. पंचांनी दुसऱ्यांदा विचारलं, आत्या, तुमचं काही? तिला ते ऐकू आलं, पण दूरवरून. तिच्या डोळ्यांसमोर धाकटा आपल्या खोलीत फोन धरून बसला होता, आणि त्याचंच सॉफ्टवेअर, ताईने बसवलेलं, त्याला सांगत होतं की पलीकडे कुणी नाही. ती काही बोलली नाही. पंच म्हणाले, मग मौन म्हणजे संमती, प्रस्ताव पास. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं जिच्यासाठी ती सगळ्यांशी भांडली ती थोरली पाती बंद झाली, आणि तिने नुसता हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मग तिने आपला मोबाइल घेतला आणि त्याचा नंबर लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. आईने भाजीचं ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, कुणाला लावतेस? आत्या घंट्या मोजत होती. आत्ता पाच मिनिटांपूर्वी तो बोलत होता, म्हणजे तो आहे, बरा आहे, घरी आहे, असं ती स्वतःला सांगत होती, आणि प्रत्येक घंटीबरोबर त्यातलं एक एक खोटं वाटत होतं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्याने उचलला.

"बोल ताई," तो म्हणाला. "तुझी हरकत असेल असं वाटलं होतं मला."

"मंगळवारी तूच असतोस ना?"

तो गप्प झाला. आत्याला गप्प बसणं जमत नसे, फोनवर तर नाहीच. कुणी दोन क्षण थांबलं की ती हॅलो हॅलो करायची, लाइन बघायची, वायर हलवायची. आता ती बसून राहिली. पलीकडे श्वासाचाही आवाज नव्हता. फोन चालू आहे की तुटलाय हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि तिने कानापासून काढून बघितलं नाही. आई जवळ येऊन उभी राहिली होती. खाली रस्त्यावरून एक हातगाडी गेली. 

"मी आहे इथे," आत्या म्हणाली. "घाई नाही."

पुन्हा बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज आला. तो सपाट आवाज नव्हता. लहानपणी शाळेतून रडत यायचा आणि जिन्यात थांबून आधी डोळे पुसायचा, तेव्हाचा होता.

"तीनदा लावला गं," तो म्हणाला.

आत्याने फोन कानाशी घट्ट धरला आणि आईला हाताने खूण केली, पाकीट दे, घराची किल्ली दे. त्याच्या गावाला जाणारी बस चौकातून सुटत असे. माहीत आहे, ती त्याला म्हणाली, माहीत आहे मला, तू ठेवू नकोस. आई कधीच दाराकडे गेली होती आणि वाकून दोघींच्या चपला काढत होती.